बेनिदोर्मला सूर्य दोन वाजता डोक्यावर येतो

जून महिन्यात स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बेनिदोर्म गावात जा, वाळूवर उभे राहा आणि आपल्या सावलीकडे लक्ष ठेवा. बारा वाजतात, सावली आखडतेच आहे. एक वाजतो, अजून आखडतेच आहे. ती सगळ्यांत आखूड होते तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दोन वाजून गेलेले असतात. म्हणजे सूर्याला डोक्यावर यायला चक्क दोन तास उशीर!

अर्थात सूर्य वेळेवरच आलेला असतो, पुढे पळालेलं असतं ते घड्याळ. ग्रीनिचची शून्य रेखावृत्ताची रेषा बेनिदोर्मच्या पूर्वेला काही किलोमीटरवरून समुद्रात उतरते. सूर्याच्या हिशेबाने हे गाव लंडनच्या वेळेतलं. पण १९४० च्या मार्चमध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, हुकूमशहा फ्रँकोने साऱ्या देशाची घड्याळं तासभर पुढे सरकवली आणि स्पेन बर्लिनच्या वेळेवर आला. युद्ध संपलं, फ्रँको गेला, काटे मागे न्यायचे मात्र राहिले ते राहिलेच. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणाम काय? जूनअखेरीला इथला सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास.

आता हेच सुट्टीला आलेल्या कुटुंबाच्या बाजूने बघा. रात्रीचे साडेआठ वाजलेत आणि बाहेर लख्ख उजेड आहे. पाच वर्षांच्या पोराला ‘चल, झोप आता’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? हॉटेलवाल्यांनी यावर तोडगा काढलाय. पोहण्याच्या तलावाशेजारच्या छोट्या मंचावर आधी पोरांचा नाच. त्याला म्हणतात ‘मिनी डिस्को’. रोज तीच सहा-सात गाणी, त्याच हातवाऱ्यांसकट. तो संपतो न संपतो तोच गायिका माइक हातात घेते, आजी-आजोबा जोडीने नाचायला उठतात, आणि मघाशी उड्या मारणारी पोरं दोन खुर्च्या जोडून त्यावर पेंगू लागतात. अकरा वाजले तरी समुद्राकाठच्या रस्त्यावर बाबागाड्यांची वर्दळ असते. नातू आणि आजी एकाच मंचापुढे, एकाच रात्री नाचतील अशा जागा जगात किती उरल्या असतील?

ही रात्र त्या गावाला आयती मिळालेली नाही. तिची जुळवाजुळव कशी झाली ते बघायला लागलं, की एकामागून एक चकित करणाऱ्या गोष्टी निघत जातात.

सुरुवात डोंगरापासून करू. बेनिदोर्मचे दोन्ही मोठे किनारे, लेवांते आणि पोनिएंते, दक्षिणेकडे तोंड करून आहेत. पाठीशी पुइग काम्पाना नावाचा सुमारे १४०० मीटर उंच डोंगर, पूर्वेला सेर्रा जेलादाचा उभा कडा. उत्तरेकडून येणारा थंड वारा अडतो आणि भर जानेवारीतही दुपारचं तापमान १६-१७ अंशांपर्यंत चढतं. ब्रिटनमध्ये त्याच दुपारी लोक दिवे लावून बसलेले असतात. या डोंगराच्या माथ्याला एक चौकोनी खाच आहे, आणि समोर समुद्रात एक छोटंसं बेट. लोककथा सांगते, रोल्दान नावाच्या राक्षसाची प्रेयसी मरणाच्या दारी होती. शेवटचा किरण मावळला की ती जाणार होती. रोल्दानने डोंगराचा लचकाच तोडला, म्हणजे खाचेतून ऊन आणखी घटकाभर येत राहील. तो तुकडा समुद्रात पडला, तेच हे बेट. आहे की नाही गंमत? फ्रँकोने घड्याळाला हात लावायच्या कितीतरी आधी या गावाने सूर्यास्त लांबवून ठेवला होता, निदान गोष्टीत तरी.

१९५० साली इथे जेमतेम तीन हजार माणसं राहत होती. धंदा मासेमारीचा, तोही खास. आपल्या कुप्याच्या जातकुळीतला टूना मासा अंडी घालायला भूमध्य समुद्रात शिरतो, तेव्हा त्याच्या वाटेत जाळ्यांचा प्रचंड चक्रव्यूह उभारायचा. मासा एका दालनातून दुसऱ्यात सरकत शेवटच्या दालनात अडकायचा. या पद्धतीला ‘अल्माद्राबा’ म्हणतात, आणि तिचे बेनिदोर्मचे नाखवे इतके नावाजलेले, की दूरदूरच्या किनाऱ्यांवरून त्यांना बोलावणं यायचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा धंदा बसला. पुरुष जहाजांवर नोकरीला गेले. गावात उरलं ऊन आणि वाळू. दोन्हींना तोवर बाजारात काडीची किंमत नव्हती.

त्याच सुमाराला पेद्रो सारागोसा हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण महापौर झाला. निवडून आलेला नव्हे, नेमलेला. काळ हुकूमशाहीचा होता. या माणसाने १९५६ साली गावाचा नगररचना आराखडा मंजूर करून घेतला. ज्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मोटारी असतील, तिथे त्याने रुंद रस्ते आखले! पुढे १९६३ मध्ये उंचीवरची मर्यादाही उठली. कल्पना अशी, की इमारती किनाऱ्याला समांतर मैलोन् मैल पसरवायच्या नाहीत, त्या उभ्या करायच्या. बांधकाम अरुंद आणि उंच, भोवती मोकळी जागा, बाग, तलाव. आज इथलं ग्रान ओतेल बाली १८६ मीटर उंच आहे आणि इंतेंपो नावाची जुळी निवासी इमारत १९२ मीटर. मासेमारांच्या गावात!

वास्तुरचनेच्या जाणकारांनी या गावाला आधी नावं ठेवली आणि नंतर त्यातल्या काहींनी ती मागे घेतली. मला यात वेगळीच गोष्ट दिसते. उंच इमारतींमुळे हजारो लोक एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर झोपतात. गाणाऱ्याला आणखी काय हवं? पसरट गावात कार्यक्रम संपल्यावर झोपलेलं पोर खांद्यावर टाकून गाडी शोधावी लागते. इथे लिफ्ट शोधली की झालं. रात्री एक वाजता श्रोते पायी घरी जाऊ शकतात म्हणून रात्री एकपर्यंत गाणं चालू शकतं. बेनिदोर्मचे मनोरे आणि बेनिदोर्मचं संगीत, दोन्ही एकाच आराखड्यातून उगवलेत.

सारागोसाची आणखी एक गोष्ट स्पेनमध्ये चवीने सांगतात. परदेशी बायका बिकिनी घालून किनाऱ्यावर येऊ लागल्या, महापौराने त्याला परवानगी दिली, चर्चचा पारा चढला आणि त्याला धर्मबहिष्कृत करण्याची भाषा सुरू झाली. कट्टर कॅथलिक स्पेनमध्ये हा राजकीय मृत्यूच. तेव्हा हा पठ्ठ्या १९५३ साली आपल्या व्हेस्पा स्कूटरवर बसला आणि तडक माद्रिदला फ्रँकोकडे पोहोचला. चारशेहून अधिक किलोमीटर, तेही त्या काळच्या रस्त्यांवरून! कपड्यांवर तेलाचे डाग तसेच होते म्हणे. फ्रँकोला हा माणूस आवडला, बहिष्काराची भाषा बंद पडली, बिकिनी राहिली.

पण गावाचं नाव देशभर करायचं कसं? जाहिरातीला पैसा लागतो. इथे सारागोसाच्या काळात जी युक्ती लढवली गेली तिची मुळं शेजारच्या इटलीत होती. तिथल्या सानरेमो या समुद्रकाठच्या गावाने १९५१ साली, ऐन हिवाळ्यात, पाहुणे नसताना, आपल्या कसिनोमध्ये गाण्यांची स्पर्धा भरवली. रेडिओने ती देशभर ऐकवली आणि सानरेमो घराघरात पोहोचलं. बेनिदोर्मने १९५९ मध्ये हाच डाव टाकला: स्पॅनिश गाण्यांचा महोत्सव. पाहुण्यांनी गावात यायच्या आधी गावाचं नाव त्यांच्या कानात जायला हवं, आणि गाण्याइतकं फुकटात फिरणारं वाहन दुसरं नाही. पहिल्याच वर्षी ‘उन तेलेग्रामा’ हे गाणं जिंकलं आणि देशभर गाजलं. ते गाणारी मोना बेल चिलीची होती! स्पॅनिश किनाऱ्यावरच्या संगीतात परदेशी माणसाने बाजी मारण्याची ही सुरुवात. पुढे हा प्रकार इतक्यांदा होणार आहे की मोजणं सोडून द्यावं.

१९६२ मध्ये राफाएल जिंकला, जो पुढे स्पेनचा महागायक झाला. मग १९६८. त्या वर्षी मंचावर आला एक चोवीस वर्षांचा तरुण, जो आधी रेआल माद्रिदच्या तरुण संघात गोलरक्षक होता. मोटार अपघातात पाय निकामी व्हायची वेळ आली, महिनोन् महिने अंथरुणावर गेले, बोटांना चाळा म्हणून कुणीतरी हातात गिटार दिली. त्या आजारपणातून निघालेलं गाणं, ‘ला विदा सिगे इग्वाल’, घेऊन तो बेनिदोर्मला आला आणि जिंकला. नाव हूलिओ इग्लेसियास. पुढे त्याच्या ध्वनिमुद्रिका कोटींच्या संख्येत विकल्या गेल्या. २०१२ साली पुण्यात ज्याच्या कार्यक्रमाला तरुणाई लोटली तो एनरिके इग्लेसियास याचाच मुलगा. एका महापौराच्या जाहिरातीच्या खटपटीचं टोक कुठपर्यंत पोहोचलं बघा!

आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, समोरच्या मायोर्का बेटावर काय चाललं होतं? पाल्मा शहरातल्या ‘सार्जंट पेपर्स’ नावाच्या नव्या क्लबमध्ये जिमी हेंड्रिक्स गिटार वाजवत होता. होय, तोच. क्लब त्याच्या व्यवस्थापकांशी संबंधित होता म्हणून उद्घाटनाला तो आला. हुकूमशाही असलेल्या देशात, सहलीला आलेल्या पर्यटकांसमोर, जगातला सगळ्यांत बंडखोर गिटारवादक! त्याच्या दोन वर्षं आधी ‘ब्लॅक इज ब्लॅक’ या गाण्याने ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक गाठला होता. वाद्यवृंद स्पॅनिश, ‘लोस ब्रावोस’. गायक जर्मन, गाण्याची भाषा इंग्रजी. बघा, परदेशी माणूस पुन्हा आलाच.

एवढे परदेशी लोक इथे आले कसे? उत्तर आकाशात आहे, आणि त्यातलं गणित इतकं देखणं आहे की इथे जरा थांबू.

१९५० साली व्लादिमिर राइट्झ या लंडनच्या तरुणाने एक जुनं डकोटा विमान भाड्याने घेतलं आणि लोकांना कोर्सिका बेटावरच्या काल्वी गावी नेलं. तंबूत राहायचं, जेवणखाण, प्रवास सगळं मिळून साडेबत्तीस पौंड. सरकारने परवानगी दिली ती अटीसह: प्रवासी फक्त शिक्षक आणि विद्यार्थी असावेत. दोनच वर्षांत त्याची विमानं मायोर्काला जाऊ लागली. युक्ती कुठली? नेहमीचं विमान अर्धं रिकामं उडू शकतं, म्हणून तिकिटात रिकाम्या खुर्च्यांचा खर्चही वसूल होतो. भाड्याचं विमान मात्र खुर्ची अन् खुर्ची भरूनच निघतं. आणि परत येताना? या पंधरवड्याची माणसं उतरवायची, गेल्या पंधरवड्याची चढवायची. संपूर्ण मोसमात विमान फक्त दोनदा रिकामं उडतं: पहिल्या फेरीला परत येताना आणि शेवटच्या फेरीला जाताना. बाकी सगळ्या फेऱ्या गच्च. त्यात १९६६ मध्ये ब्रिटनने परदेशी जाणाऱ्या नागरिकाला फक्त पन्नास पौंड नेण्याची मुभा ठेवली, तेव्हा तर हॉटेल-जेवण आधीच भरलेली सहल हाच सोयीचा मार्ग ठरला. कापड गिरणीतला कामगार बायकापोरांना घेऊन भूमध्य समुद्रात पाय बुडवू लागला. १९६७ मध्ये आलिकांतेचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेनिदोर्म तासाभराच्या अंतरावर आलं. पुढे १९८० च्या दशकात हेच गणित घेऊन जर्मन चार्टर विमानं आपल्या गोव्यातल्या दाबोळीलाही उतरू लागली.

आता याचा गाण्याशी संबंध बघा. विमानं ठरलेल्या वारी येतात, म्हणून हॉटेलातले पाहुणेही ठरलेल्या वारी बदलतात. पंधरा दिवसांनी समोर संपूर्ण नवा श्रोतृवर्ग! मुंबईच्या गायकाला तेच श्रोते वर्षभर पुन्हा पुन्हा भेटतात, नवं काही दिलं नाही तर ते कंटाळतात. बेनिदोर्मच्या गायकाला पंधरा रात्रींपुरती गाणी घोटून पक्की केली की मोसम निघतो. बरं, एकाच हॉटेलात रोज गायचीही गरज नाही. सोमवारी या हॉटेलात, मंगळवारी त्या. एजंट वेळापत्रक आखतो आणि गायक, जादूगार, फ्लामेन्को नाचणाऱ्या मुली गावभर फिरत राहतात. पाहुण्याला रोज नवा कलाकार, कलाकाराला रोज नवे पाहुणे. या फिरत्या चाकात कुणालाच काही शिळं लागत नाही.

मंचावर वाजतं काय पण? प्रश्न सोपा नाही. एका टेबलावर मँचेस्टरचं कुटुंब, दुसऱ्यावर डच, तिसऱ्यावर जर्मन, कोपऱ्यात माद्रिदहून आलेले काका-काकू. कुणाच्या भाषेत गाणार? जे गाणं सगळ्यांना चालेल त्यात शब्द थोडे हवेत, चाल एकदा ऐकून तोंडात बसणारी हवी, आणि पाय आपोआप हलायला हवेत. असं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘एव्हिवा एस्पान्या’. ऊन, वाळू, स्पेनचा जयजयकार, मागे बैलझुंजीच्या मैदानात वाजतो तसा पासोदोब्ले ताल. पासोदोब्ले मुळात कवायतीच्या चालीचा, डावा-उजवा, डावा-उजवा. ज्याला चालता येतं त्याला नाचता येतं. स्पेनचं याहून स्पॅनिश गाणं सापडायचं नाही. ते लिहिलं कुणी? बेल्जियमच्या दोन गृहस्थांनी! लिओ कार्ट्स आणि लिओ रोझेनस्ट्राटेन. १९७१ मध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं डच भाषेत. १९७४ मध्ये सिल्विया या स्वीडिश गायिकेने इंग्रजीत गायलं आणि ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर नेलं. मधल्या काळात मानोलो एस्कोबारने ते स्पॅनिशमध्ये आणलं, आणि स्पॅनिश लोकांनी ते इतकं आपलंसं केलं की आज फुटबॉलच्या मैदानात हजारो गळे ते गातात. बेल्जियममध्ये रंगवलेलं स्पेनचं चित्र स्पेनने आपल्याच घरात टांगलं.

स्पेनमध्ये दर वर्षी एक ‘उन्हाळ्याचं गाणं’ ठरतं, म्हणजे किनाऱ्यावर, बारमध्ये, गाडीत, सगळीकडे वाजणारं. या गाण्यांचा अनेक दशकांचा अनभिषिक्त राजा जॉर्जी दान. जन्म? पॅरिस. मी मघाशी म्हटलंच होतं, मोजू नका म्हणून.

आणि ‘माकारेना’! आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोहोचलेल्या या नाचाचं गाणं सेव्हिलजवळच्या दोन मध्यमवयीन गृहस्थांचं, ‘लोस देल रिओ’ या जोडीचं. १९९३ मध्ये गाणं आलं, मायामीतल्या मंडळींनी त्याचा नवा साज केला आणि १९९६ मध्ये अमेरिकेत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. त्या नाचाची रचना जरा बारकाईने बघा. बहुतेक हालचाल हातांची. पाय जागच्या जागी, शेवटी एक उडी मारून पाव वळण. जोडीदार लागत नाही. शेजाऱ्याला धक्का लागत नाही. गच्च भरलेल्या मंचासमोर सहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच ओळीत उभे राहू शकतात. २००२ च्या ‘आसेरेखे’ने तर शब्दांचाही प्रश्न मिटवला. कोर्दोबाच्या तीन बहिणींच्या त्या गाण्याचं धृपद म्हणजे १९७९ च्या एका अमेरिकन रॅप गाण्याचे कानावर पडतील तसे बोबडे उच्चार. अर्थच नाही, त्यामुळे चुकीचं गायची भीती नाही. पोरं खूश! संगीतसमीक्षक या गाण्यांना नाक मुरडतात. मुरडू देत. अनोळखी भाषांच्या पाचशे माणसांना एका मिनिटात एका ओळीत उभं करणं सोपं असतं, तर सगळ्यांनीच केलं असतं.

वाजवणारे किती असतात? साठच्या दशकात हॉटेलं चार-पाच जणांचा ताफा ठेवायची. आता बऱ्याच ठिकाणी दोघंच: एक गाणारी, एक कीबोर्डवाला. त्याचा डावा हात फक्त स्वरांचा मेळ दाबून धरतो; त्यावरून कीबोर्ड स्वतःच ढोल, बेस, गिटार उभे करतो. बटण दाबलं की वॉल्ट्झ, दुसरं दाबलं की चा-चा-चा, तिसरं दाबलं की पासोदोब्ले. उजवा हात मोकळा, चालीसाठी. कुणी म्हणेल ही फसवणूक आहे. पण गाणारीचा श्वास खरा असतो, नाचणाऱ्या जोडप्याकडे बघून लय किंचित सैल करणारा हातही खराच.

गावाच्या इंग्रजी भागात, ज्याला ‘स्क्वेअर’ म्हणतात, निराळंच विश्व आहे. तिथे रात्री तुम्हाला एल्विस भेटतो, फ्रेडी मर्क्युरी भेटतो, आब्बाच्या दोन्ही गायिका भेटतात. आपल्या ऑर्केस्ट्रात ज्युनिअर अमिताभ आणि व्हॉइस ऑफ रफी असायचे ना, तसाच हा प्रकार. यांचं मूळ उत्तर इंग्लंडच्या कामगार क्लबांमध्ये. तिथे शनिवारी रात्री बिअरबरोबर गायक, विनोदवीर, नकलाकार ऐकायची रीत होती. क्लबचे सभासद सुट्टीला स्पेनला जाऊ लागले, तसे त्यांचे कलाकारही मागोमाग गेले. शिवाय १९७७ पासून ‘बेनिदोर्म पॅलेस’ नावाचं मोठं नाट्यगृह आहे: पिसांचे मुकुट, जेवणाची टेबलं, फ्लामेन्कोपासून जादूपर्यंत सगळं.

‘यात खरा स्पेन कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास येतो. खुद्द फ्लामेन्कोसुद्धा इथला नव्हे, तो दक्षिणेकडच्या आंदालुसियाचा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तो पाहुण्यांच्या हौसेखातर आला. या भूमीचं स्वतःचं संगीत ऐकायचं तर हॉटेलातून बाहेर, गावच्या जत्रेत जायला हवं. व्हॅलेन्सियाच्या या मुलखात पाचशेहून अधिक संगीत मंडळं आहेत! छोट्याशा गावातही पितळी वाद्यांचा स्वतःचा बँड असतो, पोरं मंडळाच्या शाळेत क्लॅरिनेट नाही तर ट्रम्पेट शिकतात, आणि व्हॅलेन्सिया शहरात १८८६ पासून बँडची स्पर्धा चालू आहे. मिरवणुकीच्या पुढे वाजते ‘दोल्साइना’ आणि तिच्या साथीला ताशासारखा ‘ताबाल’. दोल्साइना म्हणजे दुहेरी पत्तीचं, खाली रुंद होत जाणारं लाकडी वाद्य. सनईच्याच कुळातलं! आपल्याकडे सनई-चौघडा, तिकडे दोल्साइना-ताबाल. एक शाखा पूर्वेला आली, एक भूमध्य समुद्राकाठी गेली.

आलिकांतेच्या दक्षिणेला तोर्रेविएखा हे मिठागरांचं गाव आहे. तिथली जहाजं मीठ घेऊन क्यूबाला जायची आणि येताना खलाशी गाणी आणायचे: संथ, डोलणारी, घरच्या आठवणीने जड झालेली ‘हाबानेरा’. तिच्या समूहगायनाची स्पर्धा तोर्रेविएखात १९५५ पासून होते, उन्हाळ्यात, उघड्यावर. आणि हाबानेराचं तुम्ही ऐकलेलं सगळ्यांत प्रसिद्ध रूप? बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरातलं. बिझे फ्रेंच. त्याने लोकगीत समजून घेतलेली चाल निघाली इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची, आणि बिझेने मग स्वरलिपीत तशी नोंद केली. म्हणजे पर्यटक यायच्या शंभर वर्षं आधीही इथलं संगीत जहाजाने ये-जा करतच होतं. ‘खरं’ आणि ‘आयात’ यांच्यात रेघ ओढायला गेलं की रेघच डोलायला लागते.

या सगळ्या गर्दीला एक दिवस जमीन आपल्या मर्यादेची आठवण करून देतेच. १९७८ च्या दुष्काळात बेनिदोर्मचे नळ कोरडे पडले आणि समुद्रकाठच्या या गावाला जहाजांतून पिण्याचं पाणी आणावं लागलं! त्यातून जी व्यवस्था घट्ट झाली ती थक्क करणारी आहे. भोवतालच्या गावांचा आणि शेतकऱ्यांचा एक पाणी संघ आहे. शहर आपलं सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतं, आणि बदल्यात शेतकरी आपल्या वाट्याचं धरणाचं ताजं पाणी शहराला सोडतात. सकाळी पाहुण्याने अंगावर घेतलेलं पाणी पुढे फळबागांच्या मुळाशी जातं. मनोरे दाटीने उभे असल्यामुळे नळांचं जाळंही आटोपशीर, गळती कमी. सगळीकडे मात्र असं गणित जुळलेलं नाही. २०२४ साली स्पेनमध्ये ९ कोटी ३० लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले, देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट, आणि त्याच वर्षी कानारी बेटांवर आणि मायोर्कात स्थानिक लोक रस्त्यावर उतरले: घरभाडी परवडत नाहीत, आम्ही राहायचं कुठे? त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्या मंचावर गायिका गाते, तो झाडणाऱ्याला त्या गावात खोली मिळत नसेल तर कुठेतरी हिशेब चुकलाय.

हिवाळ्यात हॉटेलांचं काय? बाकीच्या किनाऱ्यावर कितीतरी हॉटेलं कुलूप लावतात, नोकर घरी बसतात. १९८५ मध्ये स्पेनच्या सरकारने यावर एक भन्नाट उपाय काढला. निवृत्त लोकांना सरकारी मदतीने, अगदी स्वस्तात, बिगरहंगामात किनाऱ्यावर पाठवायचं. ही योजना इम्सेर्सो या नावाने घराघरात माहीत आहे आणि बेनिदोर्म तिचं लाडकं ठिकाण. हॉटेलं उघडी राहतात, आचाऱ्यांची नोकरी टिकते, आजी-आजोबांना ऊन मिळतं, आणि कीबोर्डवाल्याला जानेवारीतही काम! उन्हाळ्यात पोरांनी माकारेना केलेल्या त्याच फरशीवर आता भर दुपारी पासोदोब्ले सुरू होतो, आणि नाचणाऱ्यांना या वेळी पावलं शिकवावी लागत नाहीत.

जुना गाण्यांचा महोत्सव २००६ नंतर बंद पडला. हूलिओचा काळ सरला होता, लोक दूरदर्शनवरचे दुसरे कार्यक्रम बघू लागले होते. मग २०२२ मध्ये सरकारी दूरदर्शनने त्याला ‘बेनिदोर्म फेस्ट’ म्हणून पुन्हा उभं केलं, आणि त्यातून युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी स्पेनचं गाणं निवडलं. आता धागा मागे ओढून बघा. युरोव्हिजन १९५६ मध्ये सुरू झाली ती सानरेमोचा नमुना समोर ठेवून. बेनिदोर्मचा महोत्सवही सानरेमोवरूनच बेतलेला. एका इटालियन समुद्रकाठच्या गावाने रिकाम्या खोल्या भरायला काढलेली युक्ती दोन वाटांनी फिरत फिरत शेवटी इथे एकत्र आली. त्या वर्षीच्या स्पर्धेतून निवडली गेलेली चानेल ही गायिका युरोव्हिजनमध्ये तिसरी आली. तिचा जन्म क्यूबाचा, आणि युरोव्हिजन त्या साली भरली होती इटलीत. जुना महोत्सव उन्हाळ्यात व्हायचा. नवा भरला जानेवारीत, सानरेमोने पहिल्यांदा केलं तसाच, ऐन थंडीत. जानेवारीत बेनिदोर्मला जाणार असाल तर खोली आधी राखून ठेवा.